राजीनामा मेडिकलनंतरच दिला

रेल्वेचा फॉर्म भरण्याआधी मी क्लास शोधला नाही, डोळ्यांचे डॉक्टर गाठले. असिस्टंट लोको पायलटला, म्हणजे इंजिनचालकाच्या सहायकाला, ए-१ दर्जाची दृष्टी लागते. दोन्ही डोळे ६/६, तेही चष्म्याशिवाय. रंग ओळखण्यात गफलत चालत नाही आणि चष्मा घालवायला लेसिक शस्त्रक्रिया करून घेतली असेल तर दार बंदच. हिंजवडीत चार वर्षं मी रोज नऊ तास स्क्रीनवर विम्याचे क्लेम तपासत होते, त्यामुळे धास्ती होती. डॉक्टर म्हणाले, "डोळे शाबूत आहेत." त्याच रात्री फॉर्म भरला.

ही २०१८ ची भरती. टेक्निशियन धरून आधी २६,५०२ जागा होत्या, त्या पुढे ६४,३७१ झाल्या. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा, तो चालत होता. आई म्हणाली, "एसीतली खुर्ची सोडून मालगाडीवर जाणार? आणि मुलीची जात?" साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्येच असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, हे मी तिला सांगितलं. ती गप्प झाली, पटलं मात्र नव्हतं.

पहिली परीक्षा ऑगस्टमध्ये झाली, ७५ प्रश्न आणि ६० मिनिटं. दुसरी जानेवारी २०१९ मध्ये. गणित, विज्ञान आणि ट्रेडचा, म्हणजे आपल्या तांत्रिक शाखेचा, पेपर. शिफ्ट संपवून पहाटे अभ्यास करायचे. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

खरी कसोटी त्यानंतरची, सगळे जिला 'सायको' म्हणतात ती मानसिक क्षमतेची चाचणी. स्मरण, सूचनापालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता, आकलनाचा वेग अशा पाच चाचण्या. प्रत्येकीत किमान ४२ टी-स्कोअर, म्हणजे इतरांच्या तुलनेत काढलेला गुण, हवाच. चारांत कितीही चांगलं केलं आणि पाचवीत घसरलं, की संपलं. विटांचा ढीग दाखवतात आणि अमुक वीट किती विटांना टेकली आहे ते विचारतात. मागची, न दिसणारी वीट मी नेहमी विसरायचे. शेवटी काडेपेट्या आणून खोलीत ढीग रचले, बोटांनी चाचपून मोजले. महिन्याभरात न दिसणारी पेटी डोळ्यांसमोर उभी राहू लागली. आणखी एक, नेत्रतज्ज्ञाचं प्रमाणपत्र याच टप्प्यावर ठरलेल्या नमुन्यात न्यावं लागतं. ते नसेल तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. माझ्यासमोर एक मुलगा दारातून परत गेला. त्याचा चेहरा अजून आठवतो.

मेडिकलला फॉगिंग टेस्ट होती. डोळ्यापुढे +२ ची काच धरतात आणि अक्षरं धूसर व्हावी लागतात. त्या काचेतूनही स्पष्ट दिसलं, तर लपलेला प्लस नंबर आहे असं धरतात आणि उमेदवार बाद होतो. माझी अक्षरं विरघळली आणि मी श्वास सोडला. इथे नापास झालं तर दुसरं पद देत नाहीत, म्हणून तोवर कंपनीत अवाक्षर काढलं नव्हतं. राजीनामा नंतरच दिला. तुम्हीही घाई करू नका. निकालांमध्ये महिनेच्या महिने जातात, आणि घरभाडं थांबत नाही.

पत्र हातात पडेपर्यंत दुसरी दिवाळी उलटली होती. मूळ वेतन १९,९००. भत्ते धरूनही ते माझ्या तेव्हाच्या पगाराहून कमी भरत होतं. बहुतेक इंजिनांत शौचालय नसतं, हेही मला ठाऊक होतं. दोन्हींचा विचार करून सही केली.

ट्रेनिंगनंतरची पहिली मालगाडी भुसावळहून, रात्रीची. लॉबीत, म्हणजे इंजिनचालकांच्या हजेरी-कार्यालयात, साइन ऑन केलं, ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकलं, वॉकीटॉकी घेतला. इंजिनात प्रत्येक सिग्नल हात दाखवून मोठ्यानं पुकारायचा असतो. आधी एकानं म्हणायचं, मग दुसऱ्यानं तेच. ऑफिसात चार वर्षं मी कुजबुजतच बोलत आले होते. पहिला सिग्नल तोंडातल्या तोंडात पुटपुटला. लोको पायलट सर नजर समोरून न हलवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाहिलंत हे मला कसं कळणार?"

पुढे अंधारात दोन पिवळे दिवे दिसले. हात उचलला आणि ओरडलेच, "डबल यलो!" "डबल यलो," सर म्हणाले, आणि त्यांचा हात ब्रेककडे गेला.