वर्गणी नव्हे, उपकर: बाजारपेठेसाठी पैसा उभा राहतो तो असा

दिवे, झाडलोट, रात्रीचा पहारा यांचा फायदा पैसे न भरणाऱ्या दुकानालाही तितकाच मिळतो. म्हणूनच ऐच्छिक वर्गणी टिकत नाही. 'शेजारचा देत नाही, मग मीच का?' हा प्रश्न एकदा निघाला की संपलंच. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये भुयारी रेल्वे आल्यावर रस्त्यावरची वर्दळ ओसरली, तेव्हा व्यापाऱ्यांनी सगळ्यांना सक्तीची वर्गणी लागू करणारा कायदाच करून घेतला. 1970 साली तिथे उभा राहिलेला 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया', म्हणजे सक्तीच्या उपकरावर चालणारा बाजारपेठेचा भाग, हा अशा प्रकारचा पहिला.

इंग्लंडमध्ये अशा भागाला 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' (पुढे नुसतं 'जिल्हा') म्हणतात आणि तो 2003 च्या कायद्याने होतो. उपकर बहुतेक ठिकाणी जागेच्या करयोग्य मूल्याच्या (करासाठी धरलेल्या अंदाजे वार्षिक भाड्याच्या) एक ते दोन टक्के असतो. मूल्य 20,000 पौंड आणि दर दीड टक्का असेल, तर वर्षाला 300 पौंड. बिल स्थानिक परिषद (तिथली नगरपालिका) पाठवते आणि वसुलीही तीच करते. जमा स्वतंत्र खात्यात जाते आणि तिथून जिल्हा चालवणाऱ्या कंपनीकडे. अगदी लहान दुकानं बरेचदा वगळतात, कारण वसुलीचाच खर्च जास्त होतो.

उपकर लावायचा की नाही, यावर तो भरणारेच मत देतात, आणि खरी गोम त्या मतदानात आहे. बहुमत दोन्हीकडे लागतं: मत देणाऱ्यांच्या संख्येत आणि त्यांच्या जागांच्या एकूण करयोग्य मूल्यात. समजा 180 जणांनी मत दिलं, 120 बाजूने. पण त्या 120 जणांचं मूल्य 40 लाख पौंड आणि विरोधातल्या 60 जणांचं 45 लाख, तर प्रस्ताव पडला. छोट्यांच्या बैठका घेत बसायचं आणि दोन-चार मोठ्या स्टोअर्सच्या मुख्यालयांना फोनच करायचा नाही, ही चूक महागात पडते.

न्यू यॉर्कमध्ये आकारणी मालमत्तेवर होते आणि सूत्र जिल्ह्यागणिक बदलतं. नुसती रस्त्याकडची रुंदी धरली, तर वीस मजली इमारत आणि तेवढ्याच रुंदीचं बैठं दुकान सारखंच भरतात. कोपऱ्यावरच्याच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर तो बोंबलतो. म्हणून रुंदीला मूल्याची किंवा क्षेत्रफळाची जोड देतात. भाडेकराराने हा बोजा बरेचदा भाडेकरूवर जातो, पण संचालक मंडळात बहुमत मालकांचंच असतं. मला हे खटकतं.

पुन्हा इंग्लंडकडे: परिषद आधीपासून काय देते, हे लिहून घेतलं नाही तर उपकर सुरू झाल्यावर ती हळूच हात आखडते. 'नियमित स्वच्छता' असं लिहून उपयोग नाही. दिवसातून किती वेळा झाडणार, कचऱ्याचे डबे किती, ते कधी रिकामे होणार, हे आकड्यांत हवं.

तिथे उपकराची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, मग पुन्हा मतदान. ते हरलं की मुदत संपताच उपकर थांबतो, पण सुरक्षारक्षकांचं कंत्राट आणि कर्मचाऱ्यांची देणी उरतातच. त्यासाठी राखीव रक्कम पहिल्या वर्षापासून बाजूला काढावी लागते. पाचव्या वर्षी त्यासाठी पैसे उरलेले नसतात.