वालाच्या मुळाशी

भाताची कापणी उरकली की अलिबागकडे त्याच शेतात वाल पेरतात. वर पाणी नाही, खत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर वेल फोफावतो. ‘वालाला काय लागतं?’ असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. लागतं सगळ्यांनाच. वाल फक्त त्यासाठी खताच्या दुकानात जात नाही.

एखादं रोप अलगद उपटून माती झटकावी. मुळांवर मिरीएवढ्या गाठी लगडलेल्या दिसतात. नखाने चिरली तर गाठ आतून गुलाबी, जवळजवळ रक्ताळलेली. तो रंग ज्या द्रव्याचा, ते आपल्या हिमोग्लोबिनच्याच गोतावळ्यातलं. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून त्याचा अमोनिया करतात, म्हणजे वेलाचं खतच. पण हे काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन सोसत नाही, आणि जिवाणूंना जगायला तर तो हवाच. म्हणून हे गुलाबी द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने पुरवतं. गाठ हिरवट पडली की समजावं, काम थांबलं. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. भातामागून कडधान्य घेणारे त्यासाठी थांबले नव्हते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. तो पकडायला जवळच थळच्या युरिया कारखान्यात नैसर्गिक वायू लागतो, शेकडो अंशांची उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. वालाचं तेच काम डिसेंबरच्या गारठ्यात चालतं.

अर्थात फुकट नाही. वेल जिवाणूंना साखर पुरवतो, आणि नायट्रोजन न देणाऱ्या गाठीचा ऑक्सिजन आवळतो, असं सोयाबीनवरच्या प्रयोगांत दिसलंय. थोडक्यात, खोत आणि कूळ, म्हणजे जमिनीचा मालक आणि ती कसणारा. जिथे कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं संप केला, त्या अलिबागजवळच्या चरी गावाच्या आसपासच्या शेतांत मातीखाली अजून खोती चालू आहे म्हणायची!

कडधान्य जमिनीला नायट्रोजन देतं, हे मात्र जरा सढळ हाताने सांगितलं जातं. त्यातला मोठा वाटा दाण्यात जातो, आणि दाणे आपण पोपटीच्या, म्हणजे शेंगा भाजायच्या मडक्यात घालतो. उरलीसुरली मुळं तरी शेतात राहावीत म्हणून वाल उपटू नका, विळ्याने कापा, असं मी घरात सुचवलं. काकी म्हणाली, “काप. मग त्या बुडख्यांवरून अनवाणी तूच चाल.”