मराठी शिकणाऱ्यांसाठी पॉडकास्ट: मुलाखत घेणाऱ्याच्या कामाची नोंद

माइक आणि खोलीचं काम मार्गी लागलं आहे, म्हणून ही नोंद मुलाखत घेणाऱ्याबद्दल. डोळ्यांसमोरचा श्रोता असा: पुण्यात नोकरीला आलेला तमिळ किंवा हिंदी भाषक, नाहीतर परदेशात वाढलेली मराठी घरातली मुलगी. साधी वाक्यं कळतात, पण दोन मराठी माणसं आपसात बोलायला लागली की धागा सुटतो.

व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओने १९५९ साली इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ‘स्पेशल इंग्लिश’ हे प्रसारण सुरू केलं, तेव्हा आखणी स्पष्ट होती: सुमारे १५०० शब्दांचा साठा, छोटी वाक्यं, वेग नेहमीच्या दोन-तृतीयांश. लिहून वाचायच्या बातम्यांना ते जमतं. मुलाखतीत पाहुण्याला “जरा हळू बोला” म्हटलं की दोन वाक्यं धडा वाचल्यासारखी येतात आणि तिसऱ्यापासून माणूस मूळ चालीवर. त्या दोन वाक्यांतली मराठी तर कुणी बोलतच नाही. त्यामुळे पाहुण्याच्या वेगाला हात लावायचा नाही, हे पक्कं केलं. भाग सोपा होतो तो प्रश्नामुळे, आणि उत्तर संपल्यावर मुलाखतकार जे करतो त्यामुळे.

आधी प्रश्न. “तुम्हाला हे काम आवडतं का?” याला “हो” एवढंच उत्तर येतं. “तुमच्या प्रवासाबद्दल सांगा” म्हटलं की चार मिनिटं थांबत नाहीत आणि शिकणारा पहिल्याच मिनिटाला गळतो. मधला मार्ग म्हणजे ज्याचं उत्तर तीन-चार वाक्यांत मावेल आणि ज्यात क्रियापदाचं एकच रूप पुन्हा पुन्हा येईल असा प्रश्न. “दुकान उघडल्यावर आधी काय करता?” यातून रोजच्या कामाची रूपं येतात. “लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत काय करायचात?” म्हटलं की ‘जायचो, खेळायचो, खायचो’ आपोआप दहादा येतं. “उद्या पाऊस आला तर?” म्हणजे ‘तर’ची वाक्यं. पाहुण्याला व्याकरणाचा पत्ताही लागत नाही, तो आपला बोलत असतो. एका भागात अशी दोनच रूपं धरावीत. पाच धरली की प्रश्न उड्या मारायला लागतात आणि गप्पांची मजा जाते.

दुसरं, उत्तर फिरवून सांगणं. सगळ्यात जास्त सराव याचाच लागतो. भाजीवाल्या मावशी म्हणतात, “पहाटंच मार्केट यार्डातनं माल उचलायचा, मग निवडून-बिवडून जुड्या बांधून बसायचं.” मुलाखतकार लगेच म्हणतो, “म्हणजे पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणायची, निवडायची, जुड्या बांधायच्या. एका जुडीत मेथी किती असते, मावशी?” शिकणाऱ्याला तीच गोष्ट दुसऱ्यांदा, सुट्या शब्दांत ऐकू येते; मावशींना वाटतं, ऐकणारा मन लावून ऐकतोय. फिरवलेल्या वाक्याच्या शेपटीला पुढचा प्रश्न हवाच, नाहीतर पाहुणा नुसतं “हां” म्हणून थांबतो. दहा मिनिटांच्या भागात हे पाच-सहा वेळा पुरे. प्रत्येक उत्तर फिरवलं की शिकवणी सुरू होते, आणि पाहुणाही मग मुलाखतकाराच्या तोंडाकडे बघत तुटक बोलायला लागतो.

तिसरं, मधेमधे “हो हो, अच्छा, बरोबर” करणं. एरवीच्या गप्पांत हे हवंच. इथे ते नडतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, आणि लिंग-वचन क्रियापदाच्या शेवटी. “माल उतरवला, पाटी भरली, पोतं उचललं.” शिकणाऱ्याला ऐकायचं असतं ते ला-ली-लं, आणि मुलाखतकाराचा होकार नेमका त्याच अक्षरावर पडतो. समोरासमोर असाल तर मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणून मगच बोला. त्या दोन अंकांत पाहुणा बरेचदा स्वतःहून आणखी एक वाक्य टाकतो, आणि ते सगळ्यात सहज असतं.

पाहुण्याला ‘तुम्ही’ म्हणायचं, ‘आपण’ नाही. ‘आपण’ आदराचं की ‘तुम्ही-आम्ही मिळून’, हे नवख्याला पटकन कळत नाही. भागभर एकच ठेवा.

बोलीवर तर हात फिरवूच नका. नागपूरचा रिक्षावाला “मी जाऊन राहिलो” म्हणाला, तर त्याच्यासमोर “म्हणजे जातोय ना?” असं म्हटलं की तो पुढे पुस्तकी बोलेल आणि निम्मं बोलणं पोटात ठेवेल. ‘टायमिंग’, ‘अ‍ॅडजस्ट’ हेही तसंच राहू द्या; शिकणाऱ्याला रस्त्यावर तेच ऐकायचं आहे. खुलासा करायचाच असेल तर भागाच्या सुरुवातीला वेगळा रेकॉर्ड करून जोडा.

हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये टिकायला दोन वेगळे ट्रॅक लागतात, म्हणजे पाहुण्याचा आवाज वेगळा आणि मुलाखतकाराचा वेगळा. झूमवर मुलाखत असेल तर कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना प्रत्येकाची वेगळी ऑडिओ फाइल करण्याची सोय सेटिंगमध्ये आधीच चालू करा. मग चुकून पडलेला होकार नुसत्या एका ट्रॅकवरून काढता येतो. माइक तोंडापासून वीतभर, थोडा तिरपा. आवाजाची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रंकेट सायलेन्स’ (मधली शांतता कापणारी सोय) अजिबात चालवू नका: शांतता कापली की शिकणाऱ्याचा विचार करायचा वेळही कापला जातो. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) कडक लावलं तर ‘मोठं’, ‘बोललं’ यांचे हळू पडणारे शेवट गिळले जातात. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची खरखर कमी करणं, जास्त झालं तर स आणि श एकसारखे घसरट ऐकू येतात. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगच्या वेळीच बंद करणं बरं. तयार फाइल स्टिरिओ असेल तर आवाजाची एकूण पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप). वेग संपादनात कमी करू नका, बहुतेक अ‍ॅपमध्ये श्रोता तो स्वतः कमी करू शकतो.

अजून न सुटलेलं: दोन पाहुणे एकत्र असताना, उदाहरणार्थ नवरा-बायको मिळून खानावळ चालवणारे. दोघं एकमेकांची वाक्यं पूर्ण करतात, आणि ते ऐकायला फार छान असतं, पण फिरवून सांगायला जागाच मिळत नाही. सध्या प्रश्न नाव घेऊन एकालाच विचारायचा आणि दुसऱ्याला “तुमचं काय म्हणणं?” हे नंतर, असं चालू आहे. दोघांनाही स्वतंत्र माइक लागतोच.