वटवाघूळ येतं तेव्हा शटर उघडंच असतं

परवा मित्राने माझा उडत्या वटवाघळाचा फोटो बघून विचारलं, शटर स्पीड किती होता रे, एक चार हजार? म्हणजे शटर सेकंदाचा चार हजारावा भागच उघडं होतं का. म्हटलं तीस सेकंद. त्याला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच तीस सेकंद होता, आणि हे डोक्यात शिरायला मला जवळपास चार महिने लागले म्हणून लिहून ठेवतोय.

फोटो माझ्या मावशीच्या परड्यातला आहे. बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की जांबोटीच्या थोडं अलीकडे आत तिचं गाव, तालुका खानापूर. रात्री आठनंतर तिथं काळोख म्हणजे काळोखच. शनिवारी ऑफिस सुटलं की गाडी काढायची आणि सुटायचं, असं सगळा हिवाळाभर चाललं होतं.

सुरुवात अगदी मूर्खासारखी केली. दिवस मावळला की अंगणात उभं राहायचं, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १२८००, ऑटोफोकस चालू, आणि वर काही फडफडलं की कॅमेरा गरागरा फिरवायचा. पक्ष्यांचे फोटो काढायची सवय ना, पण पक्षी निदान कुठं चाललाय ते कळतं, हे आता समोर आणि पापणी लवेपर्यंत पाठीमागे. दोन महिन्यांची कमाई म्हणजे पाचशेच्या वर काळ्या आभाळाचे फोटो आणि त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात पंखाचं टोक. तेपण वटवाघळाचंच असेल असं मी शपथेवर सांगणार नाही.

मार्ग सापडला तो मावशीच्या केरसुणीमुळे. सकाळी पडवी झाडताना ती रोज करवादायची, "मेल्यांनी परत घाण केली बघ." घाण म्हणजे चोथ्याच्या छोट्या छोट्या गोळ्या, पेरूच्या बिया, अर्धवट कुरतडलेली फळं. मी एक गोळी उचलून बघितली तर चांगली दाबून चपटी केलेली, रस गिळून उरलेला चोथा थुंकून टाकलेला, वर टाळूच्या वळ्यांचे ठसे असावेत अशा रेघा. म्हणजे कोणीतरी रोज रात्री त्याच वाशाला उलटं लटकून निवांत जेवत होतं. येण्याजाण्याची वाट ठरलेली असल्याशिवाय रोज तिथंच चोथा कसा पडेल? त्या रात्री कॅमेरा आतच ठेवला आणि पडवीत नुसता बसून राहिलो. वाट दिसली. पेरू, मग विहिरीकडची केळ, मग पडवी.

ही आपली फळं खाणारी छोटी वटवाघळं, पंख पसरले तर दीड फुटाच्या आसपास. वडा-पिंपळावर शेकड्यांनी लटकतात ती मोठी वेगळी. ही बिचारी दोन-चार मिळून राहतात, नर तर भेरली माडाचे घोस आतून कुरतडून राहण्यापुरती खोली तयार करतो. किडे खाणाऱ्यांसारखं कानाने शोधत ही फिरत नाहीत, डोळे आणि नाक यावरच सगळा कारभार. आणि केळफुलावर यांचा भारी जीव. संध्याकाळी केळफुलाची एखादी लाल पाकळी उचलून मागे वळते, आत फुलांची रांग, मध पाझरत असतो, वटवाघूळ येऊन पाकळीला क्षणभर बिलगतं, तोंड खुपसतं आणि गेलं. दहा-पंधरा मिनिटांनी परत हजर. पाहुणा स्वतःहून तिथंच येणार असेल तर आपण कॅमेरा घेऊन मागे पळायचं कशाला?

आता कॅमेऱ्याचं. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत माझ्या जुन्या डीएसएलआरला सेकंदाचा सहा-शंभरांश तरी लागतो. वटवाघूळ सेकंदाला पाच मीटरने उडत असेल तर तेवढ्यात ते एक फूट पुढे गेलेलं असतं. त्यामुळे वाटेत न दिसणारा किरण सोडून तो वटवाघळाने तोडला की कॅमेरा वाजेल अशी जोडणी केली तरी फोटोत नुसती केळच येणार, आणि तशीच आली, कितीतरी वेळा. मग उलटं केलं. काळोखात शटर आधीच उघडून ठेवायचं, तीस-तीस सेकंदांचे फोटो एकामागून एक चालू ठेवायचे, आणि किरण तुटला की पेटेल तो फक्त फ्लॅश. फ्लॅशला असा उशीर लागत नाही. फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवला तर उजेड बराच लांबतो आणि पंख पुसट येतात, पण एक बत्तीसांश ताकदीवर तो सेकंदाच्या पंधरा हजाराव्या भागाच्या आसपास पेटून विझतो. तेवढ्यात पंखाने हलायचं तरी किती? म्हणजे शटरचं काम फ्लॅश करतो, आणि शटर बापडं दार उघडं टाकून बसलेलं.

हाय स्पीड सिंक, म्हणजे जलद शटरसोबत फ्लॅश वापरायची सोय, लावून बघू नका, मी बघितलं. त्यात फ्लॅश तुकड्या-तुकड्याने लुकलुकत राहतो, पंख गोठतच नाही.

किरण इन्फ्रारेडचा, आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डावर मित्राने जुळवून दिला. केळफुलाच्या एक वीत अलीकडे दोन किरण फुलीसारखे आडवे सोडले, दोन्ही एकदम तुटले तरच फ्लॅश. दिवसाउजेडी त्या फुलीच्या जागी दोरीला बटाटा टांगला, त्याच्यावर फोकस केला आणि मग फोकसची रिंग चिकटपट्टीने जाम केली. भिंगाचं छिद्र बारीक, एफ ११, आयएसओ ४००. एक फ्लॅश डाव्या अंगाला पुढे, दुसरा मागे खाली, पंखातून उजेड आरपार यावा म्हणून.

पहिल्या रात्री पतंगच पतंग. दुसऱ्या रात्री वटवाघूळ तीनदा आलेलं मी डोळ्यांनी बघितलं आणि कॅमेऱ्यात काही नाही, कारण दोन्ही फ्लॅश बॅटरी वाचवायला स्वतःच झोपून गेले होते. मेनूत जाऊन ते बंद करायचं असतं, कोणी सांगत नाही. मग शेजारच्यांनी नवा एलईडी बल्ब लावला, तीस सेकंद शटर उघडं म्हटल्यावर त्या उजेडात मागची केळीची पानं वटवाघळाच्या पोटातून आरपार दिसायला लागली, भूतच जणू. आणि पुढच्या शनिवारी सगळं सामान घेऊन पोचलो तर केळफूलच नाही! मावशीने भाजी केली होती. "एवढं तोंड पाडायला काय झालं, तुला ठेवलीय की वाटीभर." खाल्ली. चांगली झाली होती.

याच काळात बेळगावात ज्याला सांगावं तो म्हणे, परड्यात काय बसतोस, बारापेड्याला जा. भीमगडच्या जंगलात तळेवाडीजवळ त्या गुहा आहेत, तिथल्या 'रॉटनचं वटवाघूळ' या जातीची नोंद ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमसने १९१३ साली केली आणि पुढं कितीतरी वर्षं ते जगात तिथंच माहीत होतं, मेघालय आणि कंबोडियात नंतर सापडलं. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळ्यात कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात जागा, आणि आमच्या पडवीतल्या मंडळींना त्याच कायद्यात उंदरांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून, पाचव्या परिशिष्टात बसवलेलं, ते परिशिष्टच २०२२ च्या दुरुस्तीत गेलं. पण अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि मिळाली तरी मी गुहेत फ्लॅश मारणार नाही. जिथं ती झोपतात, पिल्लं छातीला धरून असतात, तिथं उजेड मारला की सगळी थवाच्या थवा उठतात, पिल्लू खालीसुद्धा पडतं. केळफुलावरही मी रात्रीला तीस फ्लॅश झाले की बंद करतो.

दुसऱ्या केळीला फूल आलं फेब्रुवारीत. अमावास्येच्या आसपासची रात्र, त्यात साडेसातला लाईट गेली, शेजारचा बल्ब विझला, काका म्हणाले आता आली पंचाईत, आणि मी मनातल्या मनात म्हटलं आता दीड तास येऊ नको बाई. पडवीत बसलो. फट्. मग बराच वेळ काही नाही. मग फट्, फट्.

तिसऱ्या फोटोत ते आहे. दोन्ही पंख पुढे घेतलेले, जणू केळफुलाला कवटाळणारच, मागच्या उजेडाने पडदा काळ्या चहाच्या रंगाचा झालाय आणि त्यात चारही लांब बोटं हाडांसकट दिसतात, अंगठ्याची नखी पाकळीला टेकायला दोन बोटं बाकी. कपाळावर परागांचा पिवळा टिळा. डोळा टपोरा, थेट फुलाकडे.

मावशीला मोबाईलवर दाखवला. चष्मा शोधून आणला, मोठा करून बघितला. "अगं बाई, कुत्र्याच्या पिल्लागत तोंड हाय की ह्याचं." मग जरा विचार करून, "म्हणजे घड ह्यांच्यामुळंच धरतोय काय रे?"

खोटं बोलायला हवं होतं. पण मी सांगितलं की रानकेळीचं तसं असतं, आपल्या परड्यातल्या केळीत बीच नसतं, तिला परागांशिवाय घड धरतो.

"असं होय," म्हणाली, "मग हे फूल काढलं तर चालतंय की," आणि विळी बघायला आत गेली.