बारीक रेषेचा हिशोब

पैठणीच्या दुकानाची पाटी, सराफाचं नाव, लग्नपत्रिकेवरची वधूवरांची नावं अशा कामांना जाड-बारीक रेषांचा टाइपफेस हवासा वाटतो आणि तो शोभतोही. पण निवडताना नजर जाते ती जाड दांड्याकडे. पाटी फसते ती मात्र बारीक रेषेमुळे.

या वळणाचा सहज मिळणारा फॉन्ट म्हणजे रोझा वन. इंडियन टाइप फाउंड्रीने तो 2014 मध्ये आणला. परवाना मुक्त आहे, त्यामुळे धंद्याच्या कामालाही पैसे पडत नाहीत. वजन, म्हणजे अक्षराचा जाडपणा, एकच. मात्रांची टोकं थेंबासारखी असल्यामुळे एवढा जाडजूड असूनही तो दणकट न दिसता नटलेला दिसतो. त्यात देवनागरी अक्षराची मूळ उंची इंग्रजी लहान आणि कॅपिटल अक्षरांच्या दरम्यान ठेवली आहे. वाचायला हे छान, पण पाटीवर अडचणीचं. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी नाव आधी हवं आणि ते इतर लिपीपेक्षा लहान नको. दोन्ही ओळी एकाच पॉइंटला लावल्या की इंग्रजी कॅपिटल्सच उंच भरतात. म्हणून पॉइंट विसरा, मोजपट्टी लावा. शिरोरेषेपासून दांड्याच्या पायापर्यंतची उंची कॅपिटलइतकी किंवा जास्त येईल असं देवनागरी वाढवा.

आता बारीक रेषा. चांगल्या नजरेला साधारण एक कलामिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) तपशील दिसतो. म्हणजे अंतराचे मीटर गुणिले 0.3, तेवढे मिलिमीटर. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या पलीकडून, समजा 20 मीटरवरून पाटी वाचायची असेल, तर सगळ्यात बारीक रेषा किमान 6 मिमी हवी. आपल्या फॉन्टचं अक्षर 100 मिमी उंचीला लावून बारीक रेषा मोजा. ती 3 मिमी भरली तर अक्षर 200 मिमीचं करावं लागेल. तेवढी जागा नसेल तर फॉन्ट बदला. नुसता ‘बोल्ड’ ठोकू नका. वेगळं वजन नसलेल्या फॉन्टला सॉफ्टवेअर सगळीकडून सारखंच फुगवतं, जाड-बारीकपणा मरतो आणि ष, क्ष यांची पोटं बुजतात.

बारीक रेषा दिसली नाही तर नुसती शोभा जात नाही. अशा टाइपफेसमध्ये पुष्कळदा शिरोरेषाच बारीक असते, आणि घ-ध, म-भ यांच्यातला बराचसा फरक तिच्यावरच उभा असतो. ती विरघळली की ‘घोडबंदर’चं धोडबंदर होतं.

एलईडीच्या पोकळ अक्षरांत हा टाइपफेस घालूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जाड दांड्यात दिवे बसतात, बारीक रेषेत मावत नाहीत. रात्री नुसते दांडे पेटतात, शिरोरेषा काळोखात. त्यापेक्षा एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट) पत्र्यावर अक्षरं थोडी उचलून बसवा आणि मागून त्या पत्र्यावर उजेड पाडा. अक्षर काळं राहतं, पण आकार पूर्ण दिसतो. ॲक्रिलिक 3 मिमीचं असेल तर 3 मिमीपेक्षा अरुंद रेषा कापताना किंवा चढवताना तुटायची भीती असते. नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूला खारी हवा आहे, तिथे साध्या लोखंडाची अक्षरं आधी बारीक कडांवर गंजतात.

फाइल देताना एक गोष्ट हमखास राहते. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. मजकूर नुसता कर्व्हमध्ये (रेषांच्या आकारात) बदलून लेझरला दिलं तर मशीन प्रत्येक जोडावर कापतं आणि सलग शब्दाचे तुकडे हातात येतात. कोरलड्रॉमध्ये आधी वेल्ड करा, म्हणजे चढलेले आकार जोडून एकच आकार करा. अनुस्वार आणि नुक्ते तरीही सुटेच राहतात, त्यांना वेगळे पिन सांगून ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह तर अजिबात नको, शिरोरेषा तुटते. इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर सुरू नसेल तर वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं पायमोडकी होतात. पाटीवाल्याकडे जुन्या, युनिकोडआधीच्या एन्कोडिंगचा फॉन्ट असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नाव तिथे वेगळंच उमटतं. मजकूर नको, वेल्ड केलेली पीडीएफ द्या.

फॉन्ट पक्का करण्याआधी हे शब्द टाइप करून बघा: कोपरखैरणे, ऐरोली, कळवा, दुसऱ्या, शृंगार, ॲप, ट्रॅक, ज्ञानेश्वर. ‘खै’वरच्या दोन मात्रा एकमेकींना चिकटतात का, ‘दुसऱ्या’त रफार न येता आडवा र येतो का, ॲ च्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ येत नाही ना, एवढं पाहा. ल आणि श मराठी वळणाचे हवेत. काही फॉन्टमध्ये ते असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

पत्रिकेसाठी थोडक्यात: नावं 24 पॉइंटच्या खाली नकोत, बाकी मजकूर ‘मुक्त’ (Mukta) सारख्या साध्या फॉन्टमध्ये. सोनेरी फॉइल हातकागदावर बारीक रेषेत नीट धरत नाही, गुळगुळीत कागद घ्या. गडद रंगातून पांढरी अक्षरं काढायची असतील तर तो रंग एकाच शाईचा ठेवा. चार रंगांच्या छपाईत नोंदणी, म्हणजे रंगांचं एकावर एक बसणं, केसभर सरकली तरी पहिली बुजते ती शिरोरेषा.