आमची वाटचाल : इमारत उभी राहते तसं मॉडेल

कोल्हापुरात शाहूपुरीत ऑफिस थाटलं तेव्हा आमचं काम सरळ होतं. आर्किटेक्टकडून ऑटोकॅडची ड्रॉइंग यायची, त्यावरून इस्टिमेट काढायचं आणि पुढं कंत्राटदाराची आरए बिलं, म्हणजे काम होईल तशी येणारी चालू बिलं, तपासायची. मोजमाप पुस्तक, एक्सेल आणि साइटवर जायला मोटारसायकल, एवढ्या भांडवलावर पहिली काही वर्षं निघाली. बीआयएम, म्हणजे इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल संगणकावर उभं करायची पद्धत, तिचं नाव कानावर होतं. पण इथल्या बिल्डरला त्याची गरज वाटत नव्हती आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याची किंमत ऐकूनच छोटी ऑफिसं मागं सरायची.

वळण आलं ते आखातातून. दुबई महापालिकेनं १ जानेवारी २०१४ पासून ४० मजल्यांवरच्या इमारती, तीन लाख चौरस फुटांपेक्षा मोठी बांधकामं आणि हॉस्पिटलं यांना बीआयएम सक्तीचं केलं. तिकडच्या सल्लागारांना एकदम भरपूर मॉडेलिंग करून हवं होतं. ते काम मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमार्फत झिरपत आमच्यापर्यंत पोचलं. रेव्हिट हे बीआयएमचं सॉफ्टवेअर आम्ही त्याच कामावर शिकलो. फाइलला नाव कसं द्यायचं, कुठली वस्तू कुठल्या वर्कसेटमध्ये (मॉडेलच्या वाटून घेतलेल्या भागात) ठेवायची, सगळ्यांच्या सामायिक सेंट्रल फाइलशी सिंक कधी करायचं, ही शिस्त आम्हाला तिथून मिळाली आणि ती आजही मोडलेली नाही.

मात्र ती इमारत आम्ही कधी डोळ्यांनी बघणार नव्हतो. मॉडेल पाठवलं, शेरे आले, दुरुस्त केलं, संपलं. महारेरा आलं, पाठोपाठ डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि इथले बिल्डर क्षेत्रफळाचे नेमके आकडे मागू लागले. आम्ही स्थानिक कामांकडे वळलो. इथं मॉडेलमधला आकडा आज दिला की चार दिवसांत त्याच आकड्याचं काँक्रीट साइटवर येऊन पडतं. आमच्या ऑफिसची सगळी कामाची पद्धत या एका गोष्टीभोवती तयार झाली आहे. इमारत ज्या क्रमानं उभी राहते त्याच क्रमानं मॉडेल उभं करायचं, हा आमचा पहिला नियम.

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या मॉडेलांत सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे फुटिंगपासून टेरेसपर्यंत एकसंध कॉलम. खालची लेव्हल फाउंडेशन, वरची लेव्हल टेरेस, काम झालं. थ्रीडीमध्ये इमारत सुरेख दिसते. साइटवर मात्र कॉलम स्लॅबच्या खालपर्यंत भरतात, मग स्लॅब पडतो, त्यावर स्टार्टर (कॉलमची जागा पक्की करणारा काँक्रीटचा छोटा भाग) आणि मग वरचा कॉलम. बांधकामाच्या मोजणीचं भारतीय मानक आहे आयएस १२००, त्याच्या दुसऱ्या भागात मोजणीही तशीच सांगितली आहे. स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या तळापर्यंत कॉलम मोजायचा. एकसंध कॉलम असलेल्या मॉडेलकडून पहिल्या मजल्याचं बिल मागितलं तर ते सात मजल्यांचा एक नग दाखवतं. खालच्या मजल्यांना जास्त ताकदीचं एम ३० आणि वर एम २५ काँक्रीट असेल तर तेही दाखवायची सोय उरत नाही. भिंतींचं तसंच. बाहेरची भिंत जोत्यापासून पॅराफिटपर्यंत एका दमात ओढली की ती मध्येच बीममधून आरपार जाते आणि ब्लॉकवर्क फुगतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक मजल्याचा कॉलम वेगळा आणि प्रत्येक भिंत बीमच्या तळाला थांबलेली. वेळ थोडा जास्त लागतो. तो आम्ही दरात धरतो आणि बिल्डरला आधीच सांगतो.

वजावटीवर जरा थांबतो, कारण भांडणं इथंच होतात. १.२ मीटर बाय १.२ मीटरची खिडकी घ्या. क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर. मॉडेल भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टरमधून ती वजा करतं, म्हणजे २.८८. आयएस १२०० चा बारावा भाग म्हणतो की अर्ध्या चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि तीन चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट एकाच बाजूची करा आणि कडांचं प्लास्टर वेगळं धरू नका. बाथरूमचा ०.६ बाय ०.४५ चा व्हेंटिलेटर अर्ध्या चौरस मीटरच्या आत बसतो, त्याची वजावटच नाही. तीन चौरस मीटरच्या वरचं असेल तर दोन्ही बाजू वजा आणि कडा मोजायच्या. सॉफ्टवेअरला यातलं काही माहीत नसतं, ते भूमिती मोजतं. मग बिलाच्या दिवशी कंत्राटदार म्हणतो मॉडेल चुकलं आणि मॉडेल करणारा म्हणतो माझा आकडा अचूक आहे. करारात आयएस १२०० लिहिलं असेल तर कंत्राटदाराचं बरोबर. आम्ही दारं-खिडक्यांच्या शेड्यूलमध्येच सूत्र घातलं आहे, ते प्रत्येक नगाच्या आकारानुसार वजावट काढतं. बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाणांच्या यादीत, भिंतीचं निव्वळ क्षेत्रफळ थेट कधीच जात नाही.

रेराच्या कार्पेटचंही, म्हणजे फ्लॅटच्या वापरायच्या क्षेत्रफळाचंही, असंच आहे. २०१६ च्या कायद्यातल्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, शाफ्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी), खासगी बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली आहे, पण फ्लॅटच्या आतल्या भिंती धरल्या आहेत. रेव्हिटमधलं रूमचं क्षेत्रफळ नेहमीच्या सेटिंगमध्ये भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतच असतं. हॉल, किचन, दोन बेडरूम, टॉयलेट यांची बेरीज करून कोणी कार्पेट म्हणून दिलं तर आतल्या भिंतींखालची जागा गळते. १०० मिलिमीटरची भिंत एकूण १२ मीटर लांब असेल तर तेवढ्यातच सुमारे १३ चौरस फूट गेले. फ्लॅट चौरस फुटावर विकला जातो, तेव्हा एका फ्लॅटमागं ही रक्कम काय होते हे बिल्डरला समजावून सांगावं लागत नाही. उपाय सोपा आहे. एरिया प्लॅनमध्ये रेरासाठी वेगळी स्कीम, म्हणजे क्षेत्रफळ मोजायची वेगळी मांडणी, करायची, सीमा हातानं आखायची, बाल्कनी आणि शाफ्ट बाहेर ठेवायचे. महापालिकेच्या मंजुरीसाठी बिल्ट-अपची स्कीम वेगळी. एकाच आकड्यातून दोन्ही काढायच्या फंदात पडू नये.

लेव्हलचा विषय कोल्हापूरकराला वेगळा सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या गावात जोत्याची पातळी पूररेषेच्या किती वर आहे हा मंजुरीपुरता प्रश्न राहत नाही. तरीही बहुतेक मॉडेलांत जोतं म्हणजे शून्य आणि सगळं त्यापासून वर. पुराच्या पाण्याची हद्द दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा मात्र समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असते. आम्ही काम सुरू करण्याआधी सर्व्हेअरकडून प्लॉटवरचा बेंचमार्क (उंची माहीत असलेली खूण) घेतो, मॉडेलमधल्या सर्व्हे पॉइंटला ती उंची देतो आणि लेव्हलची दोन लेबलं ठेवतो. एक जोत्यापासून, गवंड्यासाठी. दुसरं समुद्रसपाटीपासून, आर्किटेक्ट आणि मंजुरीसाठी.

पण याचा अर्थ अख्खं मॉडेल उचलून सर्व्हेच्या निर्देशांकांवर नेऊन ठेवायचं असा नाही. सर्व्हेच्या ड्रॉइंगमध्ये आकडे लाखो मीटरचे असतात आणि रेव्हिटची भूमिती त्याच्या अंतर्गत आरंभबिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या आतच नीट राहते. त्यापलीकडे रेषा थरथरतात, स्नॅप पकडत नाही, हॅच बिघडतो. मॉडेल आरंभबिंदूजवळच ठेवायचं, सर्व्हेची फाइल लिंक करायची, जागेवर बसवायची आणि शेअर्ड कोऑर्डिनेट्स, म्हणजे सामायिक निर्देशांक, त्यातून घ्यायचे.

आर्किटेक्टची लेव्हल फरशीच्या माथ्यावर आणि स्ट्रक्चरलवाल्यांची स्लॅबच्या माथ्यावर, हाही नेहमीचा गोंधळ. पाच-सात सेंटिमीटरचा फरक. दोन्ही मॉडेल एकावर एक ठेवली की प्रत्येक भिंत स्लॅबमध्ये बुडालेली दिसते आणि क्लॅशच्या, म्हणजे दोन वस्तू एकमेकांत घुसण्याच्या, रिपोर्टची पानं भरतात. त्यात आर्किटेक्टनंही कॉलम काढलेले, स्ट्रक्चरलनंही, म्हणजे प्रत्येक कॉलम स्वतःशीच धडकतोय. एवढ्या गर्दीत ज्या क्लॅशसाठी रिपोर्ट काढला तोच हरवतो. पहिल्या बैठकीतच आम्ही लेव्हल कोणाची आणि कॉलम कोणाचे हे लिहून घेतो, सह्या घेतो.

या वाटचालीतला माझ्या मते सगळ्यात चांगला निर्णय म्हणजे आम्ही एका निवृत्त साइट सुपरवायझरना ऑफिसात घेतलं. आयुष्यभर स्लॅब टाकलेला माणूस. माऊसला त्यांचा हात अजून बसलेला नाही, ते मॉडेल करणाऱ्या मुलांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. सगळे त्यांना काका म्हणतात. एकदा आमच्या एका मुलीनं टॉयलेटच्या डक्टचं, म्हणजे पाइपांच्या शाफ्टचं, काम संपवलं. क्लॅश शून्य. काकांनी स्क्रीन फिरवायला लावली आणि विचारलं, ‘‘पोरी, पाइप बसतोय खरं, पण पाना कुठनं फिरवणार? उद्या गळायला लागला तर हात तरी जातोय का तिथं?’’

‘‘काका, रिपोर्टमध्ये काहीच आलेलं नाही.’’

‘‘रिपोर्टला हात नसतात. आणि हा आडवा पाइप सरळ का आहे? पाणी वाहणार कसं?’’

पाइप सपाट काढलेला होता. ३ मीटर लांबीला ५० ला १ असा उतार दिला तर शेवटचं टोक ६ सेंटिमीटर खाली येतं, आणि ते टोक बरोबर बीमच्या अंगात शिरत होतं. मॉडेल साइटला जाण्याआधी हे सापडलं म्हणून शाफ्ट एका बाजूला सरकवता आला. साइटवर सापडलं असतं तर कोअर कटिंगची मशीन आली असती आणि झालेल्या बीमला भोक पडलं असतं. तेव्हापासून सांडपाण्याच्या पाइपला उतार दिल्याशिवाय आमच्याकडे क्लॅश लावतच नाहीत. नुसती धडक तपासून भागत नाही, भोवतीच्या मोकळ्या जागेचीही वेगळी चाचणी लावायची. किती जागा लागते ते काका सांगतात.

बाकीचे नियम थोडक्यात. प्रोजेक्ट मध्यावर असताना रेव्हिटची आवृत्ती बदलायची नाही, कारण वर नेलेली फाइल जुन्या आवृत्तीत परत सेव्ह होत नाही आणि समोरचा सल्लागार अडकतो. ऑटोकॅडची फाइल लिंक करायची, इम्पोर्ट करून फोडायची नाही. वॉर्निंग साठू द्यायच्या नाहीत, आठवड्याला बघायच्या. आणि मापाच्या जागी दुसरा आकडा लिहायचा नाही. रेव्हिट ते करू देत नाही हे चांगलंच आहे, पण अदृश्य अक्षर घालून त्याला फसवणारे लोक आहेत. अशी एक फाइल आमच्याकडे आली होती. ड्रॉइंगवर पॅसेज १२०० मिलिमीटरचा, मॉडेलमध्ये ११५०. असं करणाऱ्याला मी कामावर ठेवणार नाही, हे मुलाखतीतच सांगतो.

बिल्डरकडून हल्ली हमखास येणारी मागणी म्हणजे ‘‘एलओडी ४०० करून द्या.’’ एलओडी म्हणजे मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी, ४०० म्हणजे अगदी बारीक. तेव्हा मी विचारतो, मॉडेल कशासाठी हवंय? मंजुरी आणि विक्रीसाठी हवं असेल तर दाराच्या बिजागऱ्या काढण्यात त्यांचे पैसे आणि आमचा वेळ दोन्ही जातात, फाइल जड होते ती वेगळीच. बिलासाठी हवं असेल तर स्लॅब, बीम, कॉलम आणि भिंती नेमक्या हव्यात, फर्निचर ठोकळ्यात चालेल. कामं काही हातची गेली या प्रश्नामुळं. जी राहिली त्यांच्याशी आजवर वाद झालेला नाही.

सळईचं काम मात्र अजून पूर्ण मॉडेलमध्ये आणलेलं नाही. बीम आणि कॉलमच्या जोडावर भूकंपासाठीच्या आयएस १३९२० प्रमाणे १३५ अंशांचे हुक असलेल्या रिंगा, दोन्ही दिशांच्या बीमचं स्टील आणि कॉलमचे बार एकत्र आले की व्हायब्रेटरची सुई आत जाईल का, हे कागदावर कळत नाही. तेवढे जोड आम्ही सळईसकट मॉडेल करतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवतो. त्यातून बारचा व्यास किंवा कॉलमचा आकार बदलल्याची उदाहरणं आहेत. बाकीचं बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कापायची-वाकवायची यादी, एक्सेलमध्येच होतं, कारण फिटरला हातात यादी लागते आणि ती त्याला वाचता येईल अशा रूपात मॉडेलमधून अजून निघत नाही. सध्या ऑफिसातली दोन मुलं काकांबरोबर बसून त्या यादीचा नमुना तयार करत आहेत. बारचा आकार चित्रात, लांबी मीटरमध्ये, नग आणि जागा मराठीत. पुढच्या कामाच्या पहिल्या स्लॅबला तो फिटरच्या हातात देणार आहोत. फिटर सांगेल त्याप्रमाणे मग त्यात बदल करू.