डिपस्टिक कोरडी निघाली तेव्हापासून

सर्व्हिसिंग होऊन जेमतेम चार हजार किलोमीटर झाले होते. लांबच्या प्रवासाआधी बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढली, तर टोकाला ऑइलचा ठिपकाही नव्हता. गाडीखाली गळतीचा डाग नाही, सायलेन्सरमधून निळा धूर नाही, डॅशबोर्डवर लाल दिवा नाही. त्या दिव्याबद्दल माझा समज चुकीचा होता. अनेकांचा असतो, म्हणून आधी तेच सांगते. ऑइलच्या डब्याचं चित्र असलेला तो लाल दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. पंपाला ओढायला ऑइल कमी पडू लागलं की तो लागतो, आणि तोपर्यंत बेअरिंगांची झीज सुरू झालेली असू शकते.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "मॅडम, इंजिन थोडं ऑइल खातंच. टॉप-अप करत राहा." थोडं म्हणजे किती, हे कळायला दोन खेपा गेल्या. या इंजिनासाठी हजार किलोमीटरला 500 मिली ही कंपनीची मर्यादा निघाली. त्याहून जास्त जात असेल तर ते चाचणीत सिद्ध व्हायला हवं, तरच वॉरंटी.

मग चाचणी झाली. जुनं ऑइल काढलं, नवं भरलं, डिपस्टिकवर आणि ऑइल भरायच्या झाकणावर सील लावलं. हजार किलोमीटर चालवून गाडी परत नेली. मला आत सोडलं नाही. तासाभराने कागद हातात आला: घट 250 मिली, इंजिन निर्दोष.

मला ते पटत नव्हतं, पण हातात पुरावा नव्हता. तो त्यांच्याच बिलात सापडला. मालकाच्या पुस्तिकेत फिल्टरसह ऑइलची क्षमता 3.6 लिटर लिहिली होती आणि चाचणीच्या जॉब कार्डवर खर्ची पडलं होतं 4.2 लिटर. म्हणजे सुरुवातच 'फुल'च्या खुणेपासून 600 मिली वर झाली होती. घट मात्र 'फुल'पासून खाली मोजली. पहिले 600 मिली जळाले ते कुठल्याच हिशेबात आले नाहीत.

त्या रात्री मी दाइहात्सू या जपानी मोटार कंपनीच्या सुरक्षा चाचण्यांतल्या गैरप्रकारांबद्दल पुन्हा वाचलं. डिसेंबर 2023 मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला. 64 मॉडेल, चाचण्यांच्या 25 बाबी आणि 174 गैरप्रकार, त्यातला सर्वांत जुना 1989 सालचा. एअरबॅग सेन्सरच्या हुकमावर उघडायला हवी, पण काही चाचण्यांत ती टायमर लावून उघडली. त्याआधी एप्रिल 2023 मध्ये कबूल झालेली गोष्ट तर आणखी साधी होती. बाजूच्या धडकेच्या चाचणीसाठी दाराच्या आतल्या अस्तरात खाच पाडलेली होती, आणि विक्रीच्या गाड्यांत ती नव्हती. अपघातात माणूस ज्या दाराशी बसतो, ते दार तपासलंच गेलं नव्हतं. माझं प्रकरण त्यापुढे फार छोटं आहे, मला जाणीव आहे. पण मोजायची वस्तू बदलून आकडा जुळवायचा, ही रीत तीच होती, आणि म्हणूनच मला गप्प बसवेना.

दुसऱ्या अर्जात मी "फसवलं" हा शब्द लिहिला नाही. पुस्तिकेचं पान आणि जॉब कार्ड शेजारी शेजारी जोडली आणि दुसरी चाचणी मागितली, डिपस्टिकवर नाही तर वजनावर. पद्धत आधी लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. दोन्ही वेळा इंजिन गरम, गाडी सपाट जागेवर, फिल्टर काढून ऑइल तेवढीच मिनिटं निथळू द्यायचं, आणि वजन माझ्यासमोर. दोन महिने नकार येत राहिला. मी प्रत्येक फोननंतर काय बोलणं झालं ते ईमेलने पाठवत राहिले. शेवटी ते तयार झाले. आत गेलं 3.06 किलो, निघालं 2.33. ऑइल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण 850 ग्रॅम, म्हणजे घट सुमारे 860 मिली. पहिल्या चाचणीतले 250 आणि लपलेले 600 मिळवले तर जवळजवळ हाच आकडा येतो.

इंजिन उघडलं तेव्हा मी तिथे उभी होते. घर्षण कमी करून मायलेज वाढवायला ऑइल रिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडणारी पिस्टनभोवतीची कडी, पातळ आणि कमी ताणाची ठेवलेली. तिच्यामागे पिस्टनला ऑइल परत खाली सोडणारी भोकं, तीही बारीक आणि मोजकी. गरम ऑइलचा कार्बन त्यांत बसला, रिंग खाचेत चिकटली आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली जाण्याऐवजी वर जाऊन जळत राहिलं. धूर दिसला नाही, कारण बरंचसं धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येच जळत होतं.

नवे पिस्टन आले तेव्हा पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं आणि भोकं जास्त, मोठी होती. मी दोन्हींचे फोटो काढले. पार्ट नंबर का महत्त्वाचा, तर अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचमध्ये, म्हणजे किल्ली फिरवायच्या स्विचमध्ये, सुधारणा झाली होती, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे दोष शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं माग लागला नाही. चालत्या गाडीत तो स्विच सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. इथे निदान अक्षर तरी बदललं होतं. दोष कुणाला तरी आधीच माहीत होता, हे त्या एका अक्षरावरून मला कळलं.

दुरुस्ती वॉरंटीत झाली. आता तीन हजार किलोमीटर झालेत, दर पाचशेला सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक बघते, पातळी जागची हललेली नाही. जुने पिस्टन असलेल्या बाकीच्या गाड्यांच्या मालकांना कळवणार का, असं मी कंपनीला लेखी विचारलं. उत्तर आलं ते फक्त माझ्या गाडीच्या चेसिस नंबरपुरतं. तोच प्रश्न, दोन्ही पिस्टनचे फोटो जोडून, मी वाहन सुरक्षेच्या नियामकाकडे पाठवला आहे.